सयाजीराव : एका शर्यती अश्वाचे नाव, वंश आणि कर्तृत्व

मध्य रेल्वेच्या मार्गावर कल्याण मागे टाकून कर्जतकडे निघाले की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी तीन स्थानके ओळीने लागतात. नामाभ्यासकास ही ओळ मोठी सोयीची आहे. कारण नाव पडण्याच्या तीन निरनिराळ्या रीती तिच्यात शेजारी शेजारी दिसतात. उल्हासनगर हे दिलेले नाव होय. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला समारंभपूर्वक हे नाव देण्यात आले. अंबरनाथ हे दैवतावरून आलेले नाव होय; शके ९८२ चा शिलालेख ज्या शिवालयात आहे, त्या शिवालयाचे नाव गावाने घेतले. बदलापुराविषयी मात्र लोक एक कथा सांगतात. कोकणातून घाटावर जाणारे स्वार येथे थकलेले घोडे बदलीत, म्हणून हे ‘बदला’पूर. ही लोकव्युत्पत्ती आहे आणि तिच्याकडून लेखी पुराव्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. तथापि लोकव्युत्पत्ती खोटी असली तरी निरर्थक नसते. घोडा म्हणजे टप्प्याटप्प्याला बदलावयाचे वाहन, ही एक जुनी व्यावहारिक दृष्टी तिच्यात जतन झाली आहे. बदलीच्या घोड्याला आईबाप विचारीत नाहीत. त्याचे पाय धड असले म्हणजे झाले.

या दृष्टीच्या अगदी विरुद्ध टोकाला शर्यतीचा थरोब्रेड घोडा उभा आहे. तो धावण्यापूर्वीच त्याची किंमत ठरते आणि ती ठरते कागदावरून. त्याचा पिता, माता, मातामह, सख्खे भाऊ हे सर्व त्याच्या आधी बोलतात. अशा एका घोड्याचे नाव ‘सयाजीराव’ होते. तो १९४४ साली इंग्लंडमध्ये जन्मला, १९४७ साली त्याने इंग्लंडमधील सेंट लेजर व आयर्लंडमधील आयरिश डर्बी या मोठ्या शर्यती जिंकल्या, आणि १९६६ साली तो मेला. त्याचा धनी बडोद्याचा मराठी राजा होता. भारतात तो कधी धावला नाही. तरी मराठी अभ्यासकाने त्याची कारकीर्द समजून घ्यावी अशी कारणे एकाहून अधिक आहेत.

त्यांपैकी पहिले कारण व्याकरणाचे आहे. इंग्रजी वृत्तपत्राला ‘सयाजीराव जिंकला’ आणि ‘सयाजीराव जिंकले’ यांत भेद करता येत नाही. मराठीला तो केल्यावाचून राहता येत नाही. राजा सयाजीराव आदरार्थी बहुवचनात वावरतात, घोडा सयाजीराव एकवचनात धावतो. आणि नाव एकच असल्यामुळे कोण अभिप्रेत आहे हे वाक्याच्या शेवटी क्रियापद आल्यावरच उमगते. ‘राव’ हा प्रत्ययसदृश शब्द स्वतःच आदरवाचक. त्याला एकवचनी क्रियापद जोडताना मराठी वक्त्याची जीभ किंचित अडखळते. पुढील विवेचनात हा भेद कटाक्षाने पाळला आहे.

थरोब्रेड या जातीची घडण प्रथम पाहणे आवश्यक आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडात पूर्वेकडून नेलेले घोडे आणि तेथील घोड्या यांच्या संकरातून ही जात तयार झाली. आजच्या सर्व थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा तीनच नरांपर्यंत जाते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. ‘टर्क’ आणि ‘अरेबियन’ ही उपपदे मूळ स्थान सांगतात व आधीचे शब्द धन्याचे नाव सांगतात. म्हणजे या आद्य पुरुषांना स्वतःचे असे नावच नाही. बदलापूरच्या घोड्यांप्रमाणे तेही निनावीच म्हणावयाचे. पुढे १७९१ साली वेदरबी यांनी ‘जनरल स्टड बुक’ या वंशनोंदवहीचा आरंभ केला आणि नाव व वंश यांची गाठ कायमची बसली. ज्याचे आईबाप या वहीत नाहीत तो कितीही वेगाने धावो, तो थरोब्रेड नव्हे. कृत्रिम रेतनास या जातीत आजही मनाई आहे. नावाचीही शिस्त कडक आहे. अठराहून अधिक अक्षरे व मोकळ्या जागा चालत नाहीत, आणि थोर घोड्यांची नावे राखून ठेवलेली असतात. ती दुसऱ्याला मिळत नाहीत.

वहीचे हे महत्त्व मराठी मुलखातील शर्यतींशी ताडून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत बैलांच्या शर्यतींचे वेड जुने आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यासंबंधीचा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तेथेही बैलाला नाव असते, कीर्ती असते, आणि नामांकित बैलाला जबर किंमत येते. परंतु त्याची ओळख सांगावयाची ती बहुधा त्याच्या गावावरून व धन्यावरून. त्याची आई कोणती हे ठाऊक असणारा माणूस सापडेल; छापील वही सापडणार नाही. कीर्ती बैलाबरोबर उगवते आणि बरीचशी त्याच्याबरोबरच मावळते. आपल्याकडील जुन्या अश्वशास्त्राचीही रीत वंशाची नव्हती. शालिहोत्राच्या परंपरेतील ग्रंथ रंग, भोवरे, अवयवांची ठेवण यांवरून घोड्याची परीक्षा करतात. या शालिहोत्रावरून मराठीत पशुवैद्याला ‘सालोत्री’ म्हणू लागले, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. तात्पर्य, आपल्याकडे घोडा वाचीत. इंग्रज घोड्याची वंशावळ वाचू लागले.

त्या वंशावळीच्या भाषेत नातेशब्दांची एक चमत्कारिक व्यवस्था आहे. घोडा पित्या‘कडून’ आणि मातेच्या ‘उदरातून’ असा निर्देश करण्याची तेथे रूढी आहे. सयाजीराव हा निअर्कोकडून, रोझी लेजंड या घोडीच्या उदरातून झाला. दोन्ही आईबाप एक असतील तर ते सख्खे भाऊ, हे आपल्यासारखेच. पण माता एक व पिता वेगळा असेल तरच त्यांना अर्धे भाऊ म्हणावयाचे. पिता एक व माता वेगळ्या असतील तर ते एकमेकांचे कोणीच नव्हेत. मराठीतील ‘सावत्र’ शब्दाच्या मुळाशी ‘सवत’ आहे. आपला प्रमुख सावत्रपणा एका पित्याच्या दोन पत्नींमुळे उत्पन्न होतो. संस्कृतात अशा भावंडाला ‘वैमात्रेय’ म्हणत. म्हणजे मराठी कुटुंब ज्याला निश्चितपणे भाऊ मानते, त्यालाच अश्वशाळा भाऊ मानीत नाही. या विपर्यासाचे कारण संख्येत आहे. घोडी अकरा महिने गर्भ वाहते आणि वर्षाकाठी एकच शिंगरू देते. नराची मात्र त्याच वर्षी अनेक शिंगरे होतात. पित्याकडून बंधुत्व मोजले तर एका वर्षात तीस-चाळीस भाऊ निघावयाचे आणि बंधुत्वाला काही मोल उरावयाचे नाही. दुर्मिळ असते तेच नाते किमतीचे. ‘सहोदर’ हा शब्द ज्या अर्थाने घडला, त्या अर्थाने तो अश्वशाळेतच आज काटेकोरपणे पाळला जातो असे म्हटले तर चूक ठरू नये.

सयाजीरावाच्या किमतीचे रहस्य नेमके या शब्दात आहे. त्याचा सहोदर, आणि सख्खा भाऊ, दान्ते हा होता. सर एरिक ओल्सन यांच्या मालकीच्या या घोड्याने १९४५ साली डर्बी जिंकली. युद्धामुळे ती शर्यत त्या वर्षी एप्समऐवजी न्यूमार्केटला झाली होती. उत्तर इंग्लंडात तयार केलेल्या घोड्याने डर्बी जिंकल्याला तेव्हा शहात्तर वर्षे लोटली होती. त्याच वर्षीच्या लिलावात दान्तेचा धाकटा भाऊ, वर्षाचे शिंगरू, विक्रीस आला. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी तो २८,००० गिनींना घेतला. इंग्लंडच्या लिलावात वर्षाच्या शिंगरास तोवर एवढी रक्कम कधी पडली नव्हती. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हा ही रक्कम २९,४०० पौंड होते, आणि रुपयाला दीड शिलिंग या त्या वेळच्या दराने ३ लक्ष ९२ हजार रुपये. ज्या जनावरावर अद्याप खोगीर पडले नव्हते त्याचे हे मोल होते. मोल त्याच्या पायांचे नव्हते, दान्तेच्या पायांचे होते.

वास्तविक सख्ख्या भावांत रक्ताचा वाटा सारखा असतो ही समजूत पूर्णपणे खरी नव्हे. प्रत्येक अपत्याला मातापित्यांकडून प्रत्येकी अर्धा वाटा मिळतो हे ठीक, परंतु कोणता अर्धा, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरते. म्हणूनच डर्बीविजेत्याचे सख्खे भाऊ बहुधा सामान्य निघतात आणि त्यांना दिलेल्या रकमा बुडतात. २८,००० गिनी बुडाल्या नाहीत, हा सयाजीरावाच्या कथेतील अपवादात्मक भाग होय.

महाराजांना शर्यतींचा नाद इंग्लंडात लागला असे मात्र नाही. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली ती त्यांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली, आणि तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. हाच ब्रिट पुढे सयाजीरावावरही बसला. घोड्याच्या तालमीचे काम न्यूमार्केटला सॅम आर्मस्ट्राँग यांच्याकडे होते.

घोडा तीन वर्षांचा असतानाच्या एका हंगामावर त्याची कीर्ती ठरते. इंग्लंडात या वयाच्या नरांसाठी तीन शर्यती प्रमुख मानतात. न्यूमार्केटची दोन हजार गिनीज एक मैलाची, एप्समची डर्बी दीड मैलाची, आणि डॉन्कास्टरची सेंट लेजर पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. अंतर वाढते तसतसा गुण बदलतो. पहिलीत वेग पाहिला जातो, शेवटचीत दम. १९४७ चा हंगाम हे तत्त्व शिकविण्यासाठीच घडला असावा इतका स्वच्छ आहे. दोन हजार गिनीजमध्ये ट्यूडर मिन्स्ट्रेल हा घोडा आठ लांबींनी जिंकला आणि लोकांनी त्याला अजिंक्य ठरविले. सयाजीराव त्या दिवशी तिसरा आला. ७ जूनला डर्बी झाली. अंतर अर्ध्या मैलाने वाढताच ट्यूडर मिन्स्ट्रेल चौथा गेला. पहिला पर्ल डायव्हर हा फ्रान्सहून आलेला घोडा, दुसरा आगाखानांचा मिगोली, आणि सयाजीराव पुन्हा तिसरा. आपल्या जागेवरून तो हलला नव्हता, पण मैलाच्या शर्यतीत ज्याने त्याला मागे टाकले होते तो आता त्याच्या मागे होता. त्याच उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये करा येथील मैदानावर त्याने आयरिश डर्बी जिंकली.

सप्टेंबरात सेंट लेजरची शर्यत आली. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झाला होता. सयाजीराव, मिगोली आणि मार्सेल बुसाक यांचा आर्बार यांच्यात ती खेळली गेली आणि सयाजीरावाने आर्बारला केवळ मुंडीभर अंतराने हरविले. मिगोली तिसरा आला. या विजयाचा दर्जा पराभूतांवरून मोजावा. आर्बारने पुढल्या वर्षी अडीच मैलांचा अॅस्कॉट गोल्ड कप जिंकला, मिगोलीने त्याच वर्षी पॅरिसची आर्क द ट्रिओम्फ जिंकली. स्वतः सयाजीराव १९४८ मध्ये अॅस्कॉटची हार्डविक स्टेक्स जिंकून निवृत्त झाला. तो आपल्या काळातील सर्वांत वेगवान घोडा नव्हता. अंतर वाढवीत नेले तर मात्र त्याच्या वयाच्या घोड्यांत त्याला हरविणारा उरत नव्हता, असे म्हणता येईल. दान्तेच्या नावावर दिलेली रक्कम अशा रीतीने त्याने स्वतःच्या नावावर फेडली.

येथे नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. सयाजीराव हे महाराजांच्या आजोबांचे नाव. १९४५ साली जन्मलेल्या राजपुत्रालाही तेच नाव ठेविले होते. घोड्याचे नाव पणजोबांवरून की पुत्रावरून हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. कारण पुत्राचे नाव तरी त्यांचेच. आजोबा-पणजोबांचे नाव मुलाला ठेवणे ही मराठी घरांतील जुनी चाल आहे. परंतु वडीलधाऱ्यांचे नाव जनावराला देणे ही चाल मराठी नव्हे. आपल्याकडे घोडा चेतक असतो, बादल असतो. बैल सर्जा किंवा राजा असतो. इंग्रजी मैदानावर याच्या उलट संकेत आहे. थोर पुरुषाचे नाव उत्तम घोड्यास देणे हा तेथे गौरवच समजला जातो. त्यामुळे प्रतापसिंहरावांनी केलेल्या नामकरणात अनादर शोधणे अन्यायाचे होईल. त्यांनी मराठी चालीचे नाव इंग्रजी चालीने ठेविले एवढेच.

तरीही ज्यांचे ते नाव होते ते सयाजीराव कोण होते, हे मराठी वाचकास विसरता येणार नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. या राजाने १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९३१ साली त्यांच्या नावाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील संज्ञांचा बहुभाषी कोश निघाला. परिभाषेच्या अभ्यासकास तो आजही दूर ठेवता येत नाही. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. त्यानंतर दोन वर्षांनी संमेलन बडोद्यास भरले, तेव्हा अध्यक्षपद ना. गो. चापेकर यांच्याकडे होते. आदल्याच वर्षी त्यांचा ‘बदलापूर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. एका गावाचा एवढा बारकाईने अभ्यास मराठीत तोवर झालेला नव्हता, आणि तो करणाऱ्याचा सन्मान सयाजीरावांच्या राजधानीत झाला. बडोदे आणि उल्हास नदीकाठचे हे गाव यांतील अंतर त्या काळी वाटते तेवढे मोठे नव्हते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव निवर्तले. त्यांच्यामागून आलेल्या नातवाने सहा वर्षांनी एका शिंगरावर जवळजवळ चार लक्ष रुपये खर्च केले. हा पैसा कोणाचा, असा प्रश्न संस्थानी राज्यात सहसा विचारला जात नसे. राजाची खाजगी दौलत आणि राज्याचा खजिना यांतील रेषा त्यालाच आखावयाची असे. स्वातंत्र्यानंतर तो विचारला गेला. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. महाराजांनी राज्याच्या खजिन्यातून उचललेल्या मोठ्या रकमांची चौकशी झाली, व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरील १९५६ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तिचा वृत्तांत दिला आहे. १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली व गादी त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांच्याकडे गेली. मात्र चित्राची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. १९४९ सालीच, याच प्रतापसिंहरावांच्या राज्यात, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा कायदा झाला आणि हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. आजोबांचे एकच नाव एका हाताने विद्यापीठास व एका हाताने घोड्यास मिळाले. त्यांतील विद्यापीठ लोकांच्या मालकीचे होते.

महाराजांच्या दुसऱ्या विजेत्या घोड्याची हकीकत याहून निराळी आणि वंशशुद्धीच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. फ्रान्समध्ये १९४५ साली जन्मलेल्या या घोड्याचे मूळ नाव लेरिन्स होते. महाराजांनी ते बदलून ‘माय बाबू’ असे ठेविले. ‘बाबू’ हा शब्द इंग्रजांच्या तोंडी भारतीय कारकुनास उद्देशून हेटाळणीने येई. मराठी घरात तो लाडका असतो. षष्ठीच्या ‘माय’मुळे येथे दुसरा अर्थ निःसंशय पुढे येतो. १९४८ ची दोन हजार गिनीज या माय बाबूने जिंकली, तीही मुंडीभर अंतरानेच. पुढे डर्बीत तो चौथा आला, कारण दीड मैल हे त्याचे अंतर नव्हते. गुडवुडची सससेक्स स्टेक्स मात्र त्याने जिंकली.

विशेष असा की, हा विजेता इंग्रजी वंशनोंदवहीच्या लेखी शुद्ध थरोब्रेड नव्हताच. अमेरिकेतून येणाऱ्या घोड्यांच्या लोंढ्यास आळा घालण्यासाठी १९१३ साली लॉर्ड जर्सी यांच्या पुढाकाराने असा नियम झाला होता की, ज्याचा प्रत्येक पूर्वज आधीच्या खंडांत नोंदलेला आहे अशाच घोड्याची नोंद घ्यावी. तो देशाचा कायदा नव्हता, वहीचा नियम होता. तरी लोक त्याला ‘जर्सी कायदा’ म्हणत. माय बाबूचा पिता जेबेल आणि पितामह तूर्बियाँ. या तूर्बियाँच्या मातेचा पिता दरबार या नावाचा होता. (फारसीतून हिंदुस्थानात व तेथून इंग्रजीत गेलेला हा शब्द १९१४ च्या डर्बीविजेत्याचे नाव झाला होता.) दरबारच्या रक्तात अमेरिकन अंश होता, म्हणून त्याचे सारे गोत्र वहीबाहेर. मैदानावर मात्र या बहिष्कृत गोत्राने पाठोपाठ विजय मिळविले. जेबेलने १९४० ची दोन हजार गिनीज जिंकली होती. आता त्याच्या पुत्राने जिंकली. त्याच १९४८ मध्ये सेंट लेजरही ब्लॅक टार्क्विन या अशाच ‘अशुद्ध’ घोड्याने नेली. विजेतेच वहीबाहेर राहू लागले तेव्हा वहीची प्रतिष्ठा धोक्यात आली, आणि १९४९ साली नियम मागे घेण्यात आला. शुद्धतेची व्याख्या वस्तुस्थितीवरून नव्हे तर नोंदीच्या सोयीवरून ठरते, आणि गैरसोय होताच बदलते, याचे इतके नि:संदिग्ध उदाहरण भाषाशुद्धीच्या वादांतही क्वचितच सापडेल.

पैदाशीच्या क्षेत्रात या दोघांचे भाग्य भिन्न ठरले. सयाजीराव आयर्लंडमध्ये राहिला. त्या देशाच्या किल्डेअर परगण्यात एका अश्वपैदास केंद्राचे नाव आजही बडोदाच आहे. त्याच्या अपत्यांत त्याचाच गुण उतरला. ग्लॅडनेस या त्याच्या कन्येने १९५८ साली अॅस्कॉट गोल्ड कप, गुडवुड कप व एबॉर या तिन्ही लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकल्या. एका हंगामात घोडीने असे करणे हा थोर पराक्रम मानला पाहिजे. लिंक्रिस या दुसऱ्या कन्येने १९६० ची आयरिश ओक्स व आयरिश सेंट लेजर जिंकली. पुत्रांत इंडियाना श्रेष्ठ. तो १९६४ च्या डर्बीत सांता क्लॉजच्या मागे दुसरा आला आणि त्याच वर्षी त्याने सेंट लेजर जिंकली. पित्याची शर्यत, आणि अंतरही पित्याचेच, मुंडीभर. १९६५ च्या डर्बीत सी-बर्ड व मेडो कोर्ट यांच्यामागे तिसरा आलेला आय से हाही सयाजीरावाचाच पुत्र.

असे असूनही सयाजीरावाची पितृपरंपरा पुढे प्रबळ झाली नाही. तिचे कारण दोषात नसून गुणात आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शर्यतींचे अर्थकारण लहान अंतराकडे आणि कोवळ्या वयाकडे वळले. दोन वर्षांच्या घोड्याने पाच-सहा फर्लांगांत बक्षीस आणावे अशी धन्याची अपेक्षा होऊ लागली. चार वर्षे वाट पाहून अडीच मैल धावणारे जनावर कोणास हवे होते? निअर्को हा इटलीत फेदेरीको तेझ्यो यांनी पैदा केलेला, चौदाही शर्यती जिंकलेला नर. त्याचा वंश जगभर पसरला, पण सयाजीराव किंवा दान्ते यांच्यामार्फत नव्हे, तर नासरुल्ला आणि निआर्क्टिक या दुसऱ्या पुत्रांमार्फत. २०१० साली डब्लिनच्या संशोधकांनी स्नायूंच्या वाढीशी संबद्ध अशा एका जनुकातील भेद दाखविला. त्याचे एक रूप लहान पल्ल्याच्या घोड्यांत आढळते, दुसरे लांब पल्ल्याच्या. वेगाच्या रूपाचा अलीकडचा प्रसार मुख्यतः निआर्क्टिक व त्याचा पुत्र नॉर्दर्न डान्सर यांच्यामुळे झाला, असा निष्कर्ष १९१३ च्या नियमासारख्या कोणत्याही वहीशिवाय, केवळ रक्तावरून, २०१२ मध्ये काढता आला. सयाजीराव या निआर्क्टिकचा पित्याकडून भाऊ. अर्थात अश्वशाळेच्या भाषेत कोणीच नव्हे.

माय बाबूच्या वाट्याला वेग असल्याने बाजार अनुकूल होता. अवर बाबू या त्याच्या पुत्राने १९५५ ची दोन हजार गिनीज जिंकली, म्हणजे पिता, पुत्र व पौत्र अशा तीन पिढ्या एकाच शर्यतीच्या विजेत्या झाल्या. षष्ठीचे एकवचन ‘माय’ जाऊन तेथे अनेकवचन ‘अवर’ आले, हे सर्वनामाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे. १९५० नंतरच्या दशकात माय बाबू अमेरिकेतील केंटकीस गेला. तेथे त्याची कीर्ती पुत्रांपेक्षा कन्यांनी वाढविली. यासाठी मराठीत ‘आजोळ’ हा फार नेमका शब्द आहे. इंग्रज अश्वपैदासकारांना मातेच्या पित्याचा स्वतंत्र विचार करण्यासाठी एक लांबलचक संयुक्त संज्ञा वापरावी लागते. १९७४ साली प्रीकनेस व बेलमाँट या दोन्ही थोर अमेरिकन शर्यती जिंकणारा लिटल करंट हा माय बाबूच्या लुइयाना या कन्येचा पुत्र. त्याच्या सात वर्षे आधी, १९६७ साली, याच दोन शर्यती डमॅस्कस या घोड्याने जिंकल्या होत्या आणि तो त्या वर्षीचा अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ अश्व ठरला होता. त्याचेही आजोळ माय बाबूचेच; आणि त्याच्या आईचे नाव केरला असे होते.